गोदा सापडली आहे

माझी मुलगी हरवली होती ती एका दुपारपुरती. त्याला आता पाच वर्षं होऊन गेली, आणि लोकांना ती अजून सापडायचीच आहे.

२००३ सालचा द्राक्षाचा हंगाम. पिंपळगाव बसवंतला आमचं एकत्र कुटुंब, सासूबाई, आम्ही दोघं, धाकटा दीर आणि शेजारीच चुलत दिरांची घरं. हंगामात मी जवळच्या पॅकहाउसमध्ये घड साफ करायला जायचे, म्हणजे कात्रीने खराब मणी काढायचे आणि घड पुढे पेटीत भरायला द्यायचा. गोदा तीन वर्षांची होती, तिथेच आवारात बागडायची. त्या दुपारी मान वर करून बघते तर पोरगी नाही. पुढचा वेळ कसा काढला ते सांगत नाही. ज्यांच्यावर अशी वेळ आलीय त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांना ठाऊक नसलेलंच बरं. विहिरी बघितल्या, शेततळं बघितलं, हायवेवरचे ढाबे पालथे घातले. आणि बाईसाहेब रिकाम्या क्रेटच्या टेम्पोत चढून झोपल्या होत्या. टेम्पो दिंडोरीकडच्या एका बागेत गेला, तिथे क्रेट उतरवताना ड्रायव्हरला ती दिसली आणि दिवस मावळायच्या आत त्याने आणून दिली. वाटेत त्याने तिला बिस्किटं दिली होती, त्यामुळे तिला टेम्पोतून उतरायचंच नव्हतं.

एवढंच झालं होतं. पण माझा धाकटा दीर वाल्मीक त्याच पॅकहाउसच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचा. हॉलंडच्या, दुबईच्या व्यापाऱ्यांना रोज मालाचे फोटो मेलने पाठवायचे, हे त्याचं काम. ऑफिसच्या कॅमेऱ्यात गोदाचाही एक फोटो होता, हातात घड धरून हसतानाचा. आम्ही विहिरींत डोकावत होतो तेव्हा त्याने तो फोटो, जिथे जिथे द्राक्षांचे फोटो जायचे तिथे सगळीकडे पाठवून दिला. इंग्रजीत लिहिलं: ही माझी पुतणी, आज हरवली आहे, डाव्या भुवईत पांढऱ्या केसांचा ठिपका आहे, कृपा करून सगळ्यांना पाठवा. खाली घरचा फोन नंबर. तारीख लिहायचं त्याला सुचलं नाही. नुसतं 'आज' लिहिलं, आणि त्या मेलमध्ये तेव्हापासून रोज आजच असतो.

संध्याकाळी त्याने दुसरा मेल पाठवला. गोदा सापडली आहे, सगळ्यांचे आभार. पहिला मेल जगभर फिरला. दुसरा कुणीही पुढे पाठवला नाही. सापडलेल्या पोरीचं लोकांनी करायचं तरी काय?

फोन दुसऱ्याच दिवशी सुरू झाले. मुंबई, बडोदा, नागपूर, मस्कत. सुरुवातीला आम्हाला फार बरं वाटायचं. कोण कुठली माणसं, आपल्या लेकरासाठी फोन करतायत. सासूबाई, लंकाबाई त्यांचं नाव, प्रत्येकाला टेम्पोची आणि बिस्किटांची गोष्ट सांगायच्या. वर्ष उलटलं, फोन थांबेनात. मग सासूबाईंची गोष्ट आखूड होत गेली. "सापडली हो, घरी हाय," एवढं बोलून ठेवायच्या. पलीकडचा माणूस परत फोन करायचा आणि हळू आवाजात विचारायचा, "आजी, तुमच्यावर कुणी दबाव आणतंय का?"

मेलही बदलत चालला होता. वाल्मीक कधीमधी वाचून दाखवायचा. एकदा गोदाच्या हृदयाला भोक पडलं. एकदा पुढे पाठवलेल्या प्रत्येक मेलमागे कुठलीशी कंपनी तिच्या उपचाराला पैसे देणार होती. मग पोरं पळवणारी टोळी आली. मग एक ओळ आली ती कायमचीच राहिली: एक बाई तिला स्वतःची मुलगी म्हणून घेऊन फिरते, सोबत एक पुरुषही असतो.

"हे लिहितं तरी कोण?" मी विचारलं.

"मुद्दाम नाय करत वहिनी कुणी. पुढं पाठवताना वाटतं ना, नुसतंच काय पाठवायचं. मग एक ओळ आपली पण टाकतात."

भाजी चुलीवर असताना येणारी-जाणारी प्रत्येक बाई चिमूटभर मीठ टाकून जाते, तसं. खायची मात्र आम्हाला.

मी स्वभावाने गप्प बसणारी नाही. मी माझ्या परीने बंदोबस्त केला. घरचा फोन काढून टाकायला लावला. फोनवाल्यांच्या ऑफिसात आमच्या ह्यांना दोनदा जावं लागलं, पण काढला. गोदाच्या भुवईतल्या ठिपक्याला रोज सकाळी काजळ लावायला लागले. आणि तिला पढवलं की अनोळखी माणसाने नाव विचारलं, गाव विचारलं, तर तोंड उघडायचं नाही. ह्या तिन्ही गोष्टींचा मला अभिमान होता. घराला तीन कड्या लावल्यासारखं वाटायचं.

गोदा पहिलीत गेली आणि तिच्या बाईंनी निरोप धाडला, पोरगी फळ्यावरचं बघून लिहीत नाही, शेजारणीच्या पाटीवरचं बघून लिहिते. डोळे दाखवून आणा. आमचे हे, म्हणजे गोरक्ष, बागेत फवारणीत अडकलेले. मी आणि गोदा दोघीच एसटीने नाशिकला गेलो. डोळ्यांचा दवाखाना चांगला मोठा, काचेच्या दाराचा, थंडगार. नर्सने आधी ओल्या कापसाने गोदाचे डोळे, भुवया सगळं स्वच्छ पुसलं आणि डोळ्यांत थेंब टाकले. म्हणाली, बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागेल, मधे मधे अजून थेंब टाकू, तोवर डोळे मिटून बसायचं, जवळचं नीट दिसणार नाही. गोदा माझा हात धरून बसून राहिली. गालावर भुवईतल्या काजळाचे ओघळ आलेले, ठिपका उघडा पडलेला.

काउंटरवर संध्या नावाची बाई होती. माझ्याच वयाची, सुती साडी, गळ्यात चष्मा लोंबता. केसपेपर घेऊन आली, वाकून गोदाकडे बघितलं आणि तशीच थांबली.

"नाव काय तुझं, बाळा?"

गोदा गप्प.

"गाव कुठलं?"

गोदा ओठ घट्ट मिटून. मी कौतुकाने म्हटलं, "नाही सांगायची ती. मीच शिकवलंय तसं."

"आणि भुवईला काजळ कशाला लावता?"

"तो ठिपका दिसू नये म्हणून."

मी खरं तेच बोलत होते. खरं बोलण्याने एवढं वाटोळं होतं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. संध्याबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्या गोदासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि अगदी मायेने विचारलं, "घाबरू नकोस हं. ह्या तुझ्या कोण?"

ह्याचं उत्तर द्यायचं नाही असं मी शिकवलं नव्हतं. गोदा म्हणाली, "वहिनी."

आता हे मी शहरातल्या माणसाला कसं समजावू? आमच्या घरात आईला आई म्हणायची रीतच नाही. घरात ज्या हाकेने मोठी माणसं हाक मारतात तीच लेकरं उचलतात. माझे सासरे त्यांच्या आईला जिजी म्हणायचे, आमचे हे त्यांच्या आईला बाई म्हणतात. मला दीर, चुलत दीर, पॅकहाउसची पोरं सगळी वहिनी म्हणतात, म्हणून गोदा वहिनी म्हणते. बोलायला लागल्यापासून. रात्री दचकून उठली तरी वहिनी म्हणूनच रडते. ती हाक मला कधी परकी वाटली नाही. उलट तिच्या तोंडून 'वहिनी' आलं की जगात दुसऱ्या कुणाला ते नाव तसं घेता येत नाही, असं वाटायचं.

"तुम्ही जरा आतल्या खोलीत बसा," संध्याबाई म्हणाल्या. "इथे उजेड आहे, तिच्या डोळ्यांना त्रास होईल."

आतली खोली म्हणजे तपासणीची अंधारी खोली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, एक उंच खुर्ची, खिडकी नाही. दार लागलं. थोड्या वेळाने गोदाला तहान लागली म्हणून मी दार ओढलं, तर बाहेरून कडी.

मी आधी हाक मारली. मग दार ठोकलं. मग जे काय तोंडाला आलं ते बोलले, आणि त्यातलं बरंचसं दवाखान्यात बोलायचं नसतं. दार उघडलं तेव्हा बाहेर डॉक्टर, कंपाउंडर, नर्स, पेशंट, पेशंटबरोबर आलेले, सगळे उभे. संध्याबाईंच्या हातात छापलेला कागद. त्यावर गोदा, हातात घड घेऊन हसणारी.

"अहो, हा तर माझ्या दिराने पाठवलेला मेल आहे," मी म्हटलं. मला खरंच वाटलं की आता सगळे हसतील आणि मला चहा पाजतील.

कुणी हसलं नाही. एकाने मोठ्याने वाचलं, "एक बाई तिला स्वतःची मुलगी म्हणून घेऊन फिरते." आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ह्यात नंबर आहे ना, तो आमचाच आहे," मी म्हटलं.

"लावला," डॉक्टर म्हणाले. "बंद आहे."

"आम्हीच काढून टाकला."

"मुलगी हरवलेली असताना फोन कोण काढून टाकतं?"

"अहो, ती हरवलेली नाहीच आहे."

"मग हा मेल का येतो?"

मी सगळं सांगितलं, पॅकहाउस, टेम्पो, बिस्किटं. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. मेलमधली टोळी कशी सरळ होती, पटण्यासारखी. आणि माझ्याकडे काय, तर क्रेटमध्ये झोपलेली पोरगी. मी ह्यांच्या मोबाइलवर फोन लावायला सांगितला. फवारणीच्या मशिनचा आवाज, त्यात ह्यांचा आवाज, "मी बाप हाय तिचा, काय झालं?" संध्याबाईंनी फोनवर हात ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "पुरुष पण आहे, सर. मेलमध्ये लिहिलंय तसाच."

गोदाला त्यांनी मांडीवर घेतलं. मी हात पुढे केला तर कंपाउंडर मधे उभा राहिला. गोदाला जवळचं काही दिसत नव्हतं, उजेडाने डोळ्यांना धारा लागलेल्या. ती आवाज येईल तिकडे तोंड फिरवत होती आणि मला शोधत होती. मी बोलले की तिला कळायचं मी कुठे आहे, म्हणून मी बोलत राहिले. "म्हण गं, आई म्हण. सांग त्यांना, ही माझी आई आहे."

"तिच्यावर जबरदस्ती करू नका," एक म्हातारे गृहस्थ म्हणाले.

त्या संध्याबाईंवर मला नीट चिडतासुद्धा येईना, हे सगळ्यात वाईट. दुष्ट बाई असती तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. त्या रडत होत्या. गोदाच्या केसांवरून हात फिरवत होत्या आणि शेजारच्या बाईला सांगत होत्या, "हा मेल आला की मी दर वेळी सगळ्यांना पाठवते. मिस्टर हसतात मला. मी म्हणते, एका मिनिटाचं काम आहे, कुणाचं लेकरू घरी पोचत असेल तर आपलं काय जातं?" त्यांच्या चेहऱ्यावर देवळात जाऊन आल्यासारखा आनंद होता. आयुष्यात एकदा त्यांचं कुणीतरी ऐकलं होतं. तो आनंद त्यांच्या हातून काढून घेतल्याशिवाय मला माझी पोर मिळणार नव्हती.

हवालदार आले. पन्नाशीचे, शांत, कपाळावर घाम. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, पिंपळगावला फोन केला, आणि मला खुर्ची दिली. दार उघडल्यापासून पहिल्यांदा मला कुणी बसा म्हटलं. दुपार कलली तेव्हा हे आणि वाल्मीक पॅकहाउसची जीप घेऊन पोचले. ह्यांच्या अंगावर फवारणीचेच कपडे, औषधाचा वास मारणारे. रेशनकार्ड, जन्माचा दाखला, आमच्या लग्नाचा अल्बमसुद्धा आणलेला. वाल्मीकने दुसऱ्या मेलचा कागद काढून आणला होता. गोदा सापडली आहे. तो कागद हातातून हातात फिरला आणि परत त्याच्याकडे आला.

"कार्डं काय, कुणी पण बनवून देतं," गर्दीतून कुणीतरी बोललं. "आणि सापडली असती तर आपल्याला कळलं नसतं का?"

काचेच्या दाराबाहेर आता रस्त्यावरचीही माणसं जमली होती. गोष्ट पसरली होती आणि प्रत्येक जण आपली ओळ टाकत होता. कुणी म्हणत होतं, गाडीत अजून दोन पोरी सापडल्या.

हवालदार मला बाजूला घेऊन गेले. "ताई, मला पटलंय," ते म्हणाले. "मी पण तिकडचाच, दिंडोरीचा. मी माझ्या आईला आजवर बाईच म्हणत आलो. पण ही माणसं बघताय ना. तुम्हाला अशीच जाऊ दिली तर स्टँडपर्यंत पण पोचू देणार नाहीत. पोरीला एकदा म्हणू द्या. सगळ्यांसमोर. मग मी आहे."

"ती कधी म्हणतच नाही तर कशी म्हणेल?"

"एकदा."

त्यांनी गोदाला उभी केली. मी ह्या वेळी काही बोलले नाही, मुद्दाम. तिला मी दिसत नव्हते आणि ऐकूही येत नव्हते. हवालदारांनी विचारलं, "बाळा, तुझ्याबरोबर आलेली बाई कोण?"

गोदाने मान फिरवली, एका बाजूने दुसऱ्या बाजूला. तिला सगळे चेहरे पुसटच दिसत असणार. पण त्या सगळ्यांना काय ऐकायचं आहे ते तिला कळलं. सहा वर्षांच्या पोरीला कळलं.

"आई," ती म्हणाली.

गर्दीने सुस्कारा सोडला. एका बाईने पदराने डोळे पुसले. कंपाउंडर बाजूला झाला. कागद, अल्बम, दाखला ह्यांनी जे झालं नव्हतं ते एका शब्दाने झालं, आणि तो शब्द आमच्या घरातला नव्हता. मी गोदाला उचललं. तिने माझ्या खांद्यावर डोकं खुपसलं, आणि मला त्या शब्दाचा आनंद होत नव्हता. मला चोरी करून सुटल्यासारखं वाटत होतं, माझीच पोरगी घेऊन.

संध्याबाई दारापर्यंत आल्या. हात जोडले. मग म्हणाल्या, "मी आजच सगळ्यांना कळवते. सापडली म्हणून." मी त्यांना सांगितलं नाही की तो मेल कुणी पुढे पाठवत नाही. त्यांना तेवढं तरी राहू दिलं.

गोदाला चष्मा लागला. लाल काड्यांचा. तिला लांबचं लख्ख दिसायला लागलं आणि फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायला लागली. पण मला हाक मारेना. काही हवं असलं की येऊन पदर ओढायची. वहिनी म्हटलं तर माणसं धरून ठेवतात, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं, आणि आई हा शब्द तिच्या तोंडी घरात येत नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "घाबरलंय लेकरू, आपोआप बोलंल." मी रोज रात्री तिला थोपटताना सांगायचे, वहिनी म्हण, आपल्या घरात कोण धरतंय. मग एका सकाळी वेणी घालताना ओढ बसली आणि ती ओरडली, "वहिनी, दुखतंय." मी वेणी तशीच सोडून तिला पोटाशी धरलं.

मी म्हटलं, "घरात वहिनीच म्हण. बाहेर गेलो की आई म्हण. जमंल ना?"

तिने मान हलवली. आम्ही सरावही केला. उंबऱ्याच्या आत वहिनी, उंबऱ्याच्या बाहेर आई. तिला तो खेळ वाटला. मलाही वाटलं की चला, एवढ्यावर भागलं.

पुढच्या आठवड्यात वाल्मीक ऑफिसातून आला तो चपला न काढताच ओट्यावर बसला. मग खिशातून कागद काढला. मेल परत आला होता, तोच फोटो, तोच 'आज'. खाली नवीन ओळी होत्या. त्याने त्या मराठी करून वाचल्या.

"ही मुलगी नुकतीच नाशिकच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात दिसली होती. पोलिसांनी त्या बाईला सोडून दिलं. आता मुलीला चष्मा आहे. ती बाई तिला चारचौघांत 'आई' म्हणायला लावते. एखादी मुलगी घाबरून आई म्हणताना दिसली तर लगेच कळवा."

मला वाटलं गोदा आत आहे. ती ओट्याच्या पायरीवर पाटी घेऊन बसली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. पेन्सिल हातातच धरून तिने विचारलं, "मग आता बाहेर मी तुला काय म्हणू?"

मी तिला म्हटलं, "काहीच म्हणू नको. बाहेर बोलूच नको."

आता ती आठ वर्षांची आहे. बाजारात, एसटीत, शाळेच्या फाटकाशी ती माझ्याबरोबर चालते, हात धरत नाही आणि तोंड उघडत नाही. बघणाऱ्याला वाटावं, ही ह्या बाईची कुणीच नाही.